दोन फाकांमधली वाट

ताराचंद बांगडीवाल्याने रिबीचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला, अंगठ्याखालची हाडं दाबून दाबून मऊ केली आणि पहिली बांगडी सरकवली, तेव्हा रिबी ‘स्स’ म्हणाली. बांगड्या भरताना पोरी ‘स्स’ म्हणतातच, निम्म्या तर लाडाने म्हणतात. पण बांगडी तेव्हा हाडांवरून कधीच उतरून गेली होती आणि मनगटावर मोकळी खुळखुळत होती. तिथे दुखायचं काही कारण नव्हतं. कोकिळाने लेकीचा हात उलटा करून पाहिला. मनगटाच्या आतल्या अंगाला एक डाग होता, बाहेरच्या अंगाला चार. पिकल्या जांभळाच्या रंगाचे, कडेने पिवळे पडत चाललेले. “दारात सापडला हात,” रिबी म्हणाली, आईकडे न बघता, काचेच्या पेटीतल्या बांगड्यांकडे बघत. ताराचंदने मान खाली घातली आणि दुसरी बांगडी तेल लावल्यासारखी हळू चढवली. त्याच्या हातांखालून वर्ध्याच्या दोन पिढ्यांची मनगटं गेली होती, आणि न बोलणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. दाराला बोटं नसतात, हे कोकिळाने मनातल्या मनात म्हटलं. आणि मग त्या डागांवर स्वतःचा अंगठा नुसता वरून, न टेकवता, धरून पाहिला. ओढणारा समोर उभा होता. मागून धरलं की अंगठा दुसऱ्या बाजूला उमटतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच्याच अंगावर वाचून वाचून ती शिकली होती.

परवा लग्न होतं. मुलगा हिंगणघाटचा, दानीएल, गिरणीत कामाला, चर्चमध्ये पेटी वाजवायचा. लग्नाआधी एकदा पोरीला सिनेमाला नेऊ का, असं त्याने गेल्या रविवारी इतक्या अदबीने विचारलं होतं की बाबारावने, म्हणजे कोकिळाच्या नवऱ्याने, खिशातला कंगवा काढून त्याला दिला होता. केस विसकटलेत म्हणून. बाबाराव कुणाला कंगवा देणारा माणूस नव्हता. तो आर्वी-वर्धा एस.टी. चालवायचा. प्रवासी त्याचं नाव काढायचे. मांडीवर दुधाने भरलेला गंज घेऊन बसलं तरी थेंब सांडत नाही, म्हणायचे. एवढी सगळी काळजी तो गाडीला, रस्त्याला आणि लोकांच्या दुधाला वाटून यायचा, की घरी येईस्तोवर त्याच्यापाशी काही शिल्लक राहत नसे. कोकिळाच्या डाव्या कानात लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी जी शिटी वाजली, ती बरेच दिवस वाजत राहिली आणि मग तीही बंद झाली. त्या बाजूचं जग तेव्हापासून गप्प होतं. रिबीच्या पाठचं एक होतं. ते पाचव्या महिन्यात गेलं. नहाणीत पाय घसरला, असं दवाखान्यात सांगितलं होतं. सांगणारी ती स्वतःच होती. ‘नहाणीत पाय घसरला’ आणि ‘दारात हात सापडला’, ही दोन वाक्यं तिच्या डोक्यात आता शेजारीशेजारी दोरीवर वाळत घातल्यासारखी हलत होती. बाजारातून नालवाडीकडे घरी येताना ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. भिंतींवरच्या अर्धवट पुसलेल्या घोषणांखालून लेक पुढे चालली होती, बांगड्या वाजवत. मागून तिची पाठ बघताना कोकिळाला स्वतःच्या अंगात भांगापासून बेंबीपर्यंत ती रेघ जाणवली.

ही रेघ जुनी होती. तिच्या स्वतःच्या लग्नापासूनची. डोक्याच्या मधोमध सुरू व्हायची, नाकावरून, ओठांवरून, गळ्याच्या खळीतून खाली उतरायची, आणि खाजायची. उद्या कोयता पडला तर इथूनच पडेल, अशी. तिचा बाप नत्थू आंजीकडच्या वस्तीवर उपदेशक होता. त्याआधी तो गावकीची कामं करायचा, मेलेली ढोरं ओढायचा. बाप्तिस्मा घेतल्यावर त्याने ते सोडलं, तेव्हा चार जणांनी त्याला त्याच ढोराच्या दोरीने बाभळीला बांधून सोलून काढलं होतं. कोकिळा तेव्हा लहान होती. बापाच्या पाठीवर आईने हळद लावताना तिने पाहिलं होतं, आणि बाप पालथा पडून भिंतीशी बोलत होता, “थो सोडत नाई. मानसं सोडतात. थो शबद देऊन सोडत नाई.” तिला वाटलं होतं, तो त्या मारणाऱ्यांबद्दलच बोलतोय.

हाच नत्थू मोठेपणी अक्षर शिकला आणि जुन्या करारातल्या गोष्टी अशा सांगायचा की म्हातारे विडी विझवायचे. त्याचं आवडतं होतं अब्रामाचं. जनावरं कुठून आणायची, म्हणून तो परसातला कोहळा आणायचा, पोटच्या पोरासारखा मांडीवर घ्यायचा, आणि सांगायला लागायचा. “अब्रामानं देवाले इचारलं, तू देतो म्हंतो, पन मले भरोसा कसा यावा? देव म्हने, आन जनावरं. त्यानं गाय आनली, शेळी आनली, एडका आनला, अन् मधातून चिरले.” इथे खाडकन कोयता पडायचा. लहान पोरं दचकायची. कोहळ्याचं पांढरं पोट उघडं पडायचं, बिया, पाणी, तो गार कच्चा वास. “अर्ध इकडे, अर्ध तिकडे. मधात वाट. त्या काळी दोन राजे करार करत त दोघंबी त्या वाटेनं चालत. म्हनत, म्या शबद मोडला त माहं असंच चिरल्यावानी होऊ दे.” मग तो उठून उपरणं हवेत फिरवायचा. “वरून गिधाडं आले. अब्राम हाकलत बसला दिवसभर. तेवढंच काम केलं त्यानं.” आणि मग आवाज खाली. “सांज झाली अन् त्याले झोप लागली. देवानंच लावली. अन् अंधारातून एक धुरकट शेगडी अन् एक जळती मशाल त्या वाटेनं चालत गेली. थो देव होता. एकलाच. अब्राम तिकडे घोरून राह्यला.” ‘घोरून राह्यला’वर लोक हसायचे. हसण्यातच गोष्ट संपायची, आणि त्यामुळे घोटाळा झाला.

वस्तीला आवडला तो कोहळा. पिढ्यान् पिढ्या त्यांनी उंबऱ्यावर बकरं दिलं होतं, ते महाग झालं तेव्हा बकऱ्याच्या जागी कोहळा फोडला होता, आणि मग मिशनच्या साहेबाने येऊन तोही बंद करवला होता. आता बायबलातूनच परवानगी आल्यावर त्यांनी काय म्हणून सोडावा? कुणाच्या तरी लग्नात कुणीतरी हौसेने कोहळा फोडला, दोन फाका देवळाच्या, म्हणजे चर्चच्याच, पायरीवर दोन बाजूंना ठेवल्या, आणि नवरा-नवरीला मधून चालवलं. पंचाने मोठ्याने म्हटलं, जो करार मोडेल त्याची अशीच दोन शकलं. टाळ्या पडल्या. पुढच्या लग्नात नवरीच्या आईने फोडायचा, असं ठरलं. त्याच्या पुढच्या लग्नापर्यंत ती रीत झाली होती आणि ती कधीपासूनची, तर कायमचीच, असं म्हातारे सांगू लागले होते. नागपूरहून येणारे पाद्री घड्याळाकडे बघत बाजूला उभे राहायचे, लोकांची हौस म्हणून. एकटा नत्थू ओरडायचा. “अबे, तुमी काऊन चालता रे? थो चालला नाई! थो झोपला होता!” त्याला म्हातारपणाने लागलेलं असं समजून लोक हाताला धरून बसवायचे. कोकिळाच्या लग्नात तो ओरडला, तेव्हा तीही पदर तोंडाशी धरून हसली होती. मग बाबारावच्या पावलाला पाऊल लावून ती त्या दोन पांढऱ्या पोटांच्या मधून चालत गेली. डाव्या पायाच्या अंगठ्याला गार पाणी लागलं. रेघ तिथून चढली.

एकदा ती पळाली होती. रिबी तेव्हा कडेवर होती. पाठ एवढी सुजली होती की पोरीचं वजन एका बाजूलाच घेता येत होतं. नालवाडीतून निघाली आणि पवनारपर्यंत चालत गेली. धाम नदीच्या पुलाशी नागपूरची बस मिळते. खाली नदीत बायका धुणं आपटत होत्या, खडकावर कुणीतरी प्रार्थना म्हणत होतं. पाणी काही विचारत नव्हतं. बस आली, उभी राहिली, कंडक्टर म्हणाला, “येता का, बाई?” आणि तिच्या डोक्यावर भांगात कुणीतरी कोयत्याची थंड धार नुसती टेकवली. दाबली नाही. नुसती टेकवली. बस गेली. ती घरी परतली, बाबाराव दारातच उभा होता, आणि त्याने जेव्हा पहिली थापड मारली तेव्हा तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हणजे शकलं झाली नाहीत. वरच्याने कोयता उचलून ठेवला आणि खालच्याला सांगितलं, तू बघून घे. तेव्हापासून मार पडताना तिच्या मनात एक हिशेबी समाधान असायचं, की करार चालू आहे. रविवारी पाद्री सांगत, देव हजार पिढ्या आपला शब्द पाळतो, आणि बायकांच्या बाकांकडे वळून म्हणत, मग आपण एक पिढी नाही पाळायची? ती मान डोलवायची. देव किती पक्का, हे तिच्याइतकं त्या देवळात कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या अंगाचा इंच इंच साक्षीला होता.

दुपारी ती रिबीच्या पोलक्याला हुक लावत बसली. रिबी समोर बसून आलत्याने पाय रंगवत होती. बाबाराव ड्यूटीवर होता.

“रिबे,” कोकिळा म्हणाली, “त्यानं काऊन धरला हात?”

“कोनं?”

“दारानं.”

रिबीने काडी बाटलीत बुडवली, निथळू दिली. “सिनेमात पुढच्या बाकावर एक पोट्टा वळून वळून पाहून राह्यला होता. मी हसली. मले हसू आलं, आई, त्याचे कान एवढाले होते. बाहेर आल्यावर यायनं धरला.” मग थोडं थांबून, “त्यायचा जीव हाय माह्यावर. म्हून राग येते.”

“मंग?”

“मंग रडले. थेच रडले. माह्या पायाशी बसून.”

हेही कोकिळाला ठाऊक होतं. हे रडणं वर्षभर टिकतं, फार तर पहिलं पोर होईस्तोवर. तिने दोरा दाताने तोडला. “नको जाऊ, बाई,” ती म्हणाली. तिला वाटलं होतं हे वाक्य मोठं असेल, घशात अडकेल. ते शिंकेसारखं सहज पडलं.

रिबीने वर पाहिलं. तिचे डोळे बापाचे होते, पण त्यांत अजून रस्ता नव्हता. “पत्रिका वाटल्या, मंडप पडला. अन् बाबा काय म्हनतीन? सोडतीन तुले?” मग तिचा आवाज चढला. “अन् तुले नाई का मारत बाबा? इतके वर्ष मारून राह्यले. मेली का तू?”

हुक कोकिळाच्या बोटात घुसला. ती बोट तोंडात धरून लेकीकडे बघत राहिली. मेली का तू. पोरीने टोमणा मारला नव्हता, खरोखरच विचारलं होतं. एवढ्याशा घरात, एका पडद्याआड, ही पोर आईचा मार ऐकत वाढली होती, सकाळी उठून आई चहा टाकताना पाहत होती, आणि तिने आपल्यापुरतं गणित सोडवलं होतं, की एवढंच असतं ते, मरत नाही कुणी. आपण जगलो हीच पोरीची फसवणूक झाली, असं कोकिळाला वाटलं. मेलो असतो तर पोर शहाणी झाली असती.

लग्नाच्या सकाळी कोहळा देवळाच्या पायरीशी आणून ठेवलेला होता, अंगावर राख फासल्यासारखा. लोक जमले होते. हिंगणघाटची मंडळी सावलीच्या बाजूला, आणि त्यांच्यात दानीएलची आई धुरपता, नव्या लुगड्यात, पुन्हा पुन्हा लेकाची कॉलर नीट करणारी. तिचा पुढचा एक दात नव्हता. कोकिळाने त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. आज तिला तोही वाचता आला. बाबाराव पंच होता. अंगात कोरी पांढरी पँट, आणि आवाज तोच, ज्याने तो आर्वी नाक्यावर ‘मागे सरका’ म्हणायचा. रिबी पांढऱ्या साडीत, मोगऱ्याने लगडलेली, दानीएलच्या शेजारी उभी होती आणि त्याच्याकडे बघून लाजत होती. कुणीतरी कोयता कोकिळाच्या हातात दिला. “मार वं, कोकिळाबाई, जोरात! पाहुन्यायले दाखव इकडच्या बायायचा हात!” बायका हसल्या.

कोयता जड होता आणि तिच्या हाताला तो आवडला. हे तिला अनपेक्षित होतं. मूठ घामाने भिजली, धार उन्हात एकदा लखलखली, आणि तिला दिसलं की कोहळ्याच्या जागी बाबारावचं डोकं आहे, तेल लावून चापून बसवलेला भांग, बरोबर मधोमध. एवढी सरळ रेघ त्याने रोज आरशासमोर स्वतःच काढून ठेवली होती, जशी काही तिच्यासाठी. खांद्यापर्यंत जाईल का? कवटीत अडकेल. मग पाय छातीवर देऊन उपसावा लागेल. दुसरा घाव त्या पेटी वाजवणाऱ्या हातावर, मनगटापाशी, बोटं पायरीवरून गडगडत जातील, पाची. हे सगळं तिने इतकं स्पष्ट पाहिलं, गरम, ओलं, आवाजासकट, की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. कुणी तिच्याकडे पाहून ओळखलं नाही. सगळे हसत होते. खाडकन कोयता खाली आला. कोहळा दुभंगला, दोन्ही फाका डुलत राहिल्या. एकाने एक उचलून डावीकडे ठेवली, एक उजवीकडे. मधली वाट ओली झाली. बाबारावने घसा खाकरला, “जो करार मोडेल—”

आणि तिच्या डाव्या कानाने, जो वीस वर्षं मेला होता, ऐकलं. “अबे, तुमी काऊन चालता रे?” बापाचाच आवाज, कावलेला, कुणी न ऐकलेला. थो चालला नाई. थो झोपला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, हसण्याच्या पलीकडचीही. दोघांनी चालायच्या वाटेवरून एकटाच चालला तो. म्हणजे शब्द मोडला तर चिरलं जायचं, हेही त्याने एकट्याने अंगावर घेतलं. अब्रामाच्या डोक्यावर धार टेकवलीच नव्हती कुणी. त्याला तर झोपवलं होतं, आई पोराला झोपवते तसं, पांघरूण घालून. आणि जागेपणी त्याच्याकडे काम काय होतं? गिधाडं हाकलायचं. तेवढंच.

कोकिळाने कोयता पायरीच्या कडेला, हाताला येणार नाही इतका लांब ठेवला. मग ती दोन फाकांच्या मधे, त्या ओल्या वाटेवर, मांडी घालून खाली बसली.

आधी सगळ्यांना वाटलं, चक्कर आली. “पानी आना!” कुणी म्हणालं. “ऊन लागलं बाईले.”

“ऊन नाई लागलं,” कोकिळा म्हणाली. “इथून कोनी चालत नसते. ही वाट आपली नाई.”

पाद्रींनी घड्याळातून डोकं वर काढलं. “काय म्हणाल्या?”

“थो एकलाच चालला, पाद्रीसाहेब. तुमच्याच पुस्तकात हाय, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात. अन् माही पोरगी त्या पोट्ट्यासंगं नाई जानार. दारात हात सापडते तिचा.”

सावलीतली मंडळी उभी राहिली. दानीएल हसला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्याचं हसू एका बाजूने गळून पडलं आणि तो म्हणाला, “उचला या बुढीले, नाईतं मी उचलतो,” आणि रिबीने त्याच्याकडे वळून पाहिलं. धुरपता मधे पडून लेकाचा सदरा धरू लागली, तर त्याने कोपर मारून तिला झटकलं, न बघता, सवयीने, माशी झटकावी तसं. धुरपता पोट धरून खाली बसली आणि बसल्याबसल्या म्हणाली, “काई नाई झालं, काई नाई झालं.” पण तोवर बाबाराव आला होता. त्याने कोकिळाचा अंबाडा मुठीत धरला. घरात जे पडद्याआड व्हायचं ते आज भर उन्हात, मंडळीसमोर, पाद्रीसमोर झालं. लाथ बरगडीत बसली तेव्हा आतून सुक्या काडीसारखा आवाज आला. दुसरी मांडीवर. मग तोंडावर. ओठ दातावर फाटला, रक्त हनुवटीवरून कोहळ्याच्या पाण्यात ठिबकू लागलं, गुलाबी झालं. ती उठली नाही. तिने दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि वाट पाहिली. बाबारावची नाही. तिने करार मोडला होता, जाहीर, साक्षीदारांसमोर. आता भांगातून ती धार उतरायला हवी होती. लाथ पडत होती, आणि ती वरचा घाव कधी पडतो म्हणून थांबली होती. तो पडला नाही. पुन्हा लाथ पडली. तिने वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं, पांढरं, तापलेलं, आणि खाली घामाने निथळणारा एक माणूस होता, ज्याला धाप लागली होती. हात माणसाचाच होता, पहिल्या रात्रीपासून. इतकी वर्षं तिने तो दुसऱ्या कुणाचा समजून सोसला होता, आणि ज्याचा समजून सोसला तो बिचारा शेगडी-मशाल घेऊन अंधारात एकटाच चालत राहिला होता.

मग कुणीतरी बाबारावला मागून धरलं. डेपोतलेच दोघे होते, त्याच्याच गाडीचे कंडक्टर. “बस, बाबाराव, बस.” तो थांबला, तेव्हा त्याला आपल्या पँटवरचा डाग दिसला आणि तो डाग पुसू लागला. मंडपामागे पातेल्यांतला भात खाली लागल्याचा वास येऊ लागला. कोकिळाला वाटलं, आता उठून आच काढायला हवी. एवढ्या माणसांचं जेवण, त्यांनी काय घोडं मारलंय कुणाचं. तिने उठायचा प्रयत्न केला तर बरगडीने परत खाली बसवलं.

मोगरा जवळ आला. पांढरी साडी समोर वाकली आणि त्या चिखलात गुडघे टेकून बसली. रिबीचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. घरात हे कधी विचारायचं नसतं, हे ती बोलू लागायच्या आधी शिकली होती. सकाळी आई चहा टाकते, आपण बशीत ओतून घ्यायचा, आणि वर बघायचं नाही. तिने आईची हनुवटी धरली, डाव्या नाही, उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला तोंड नेलं.

“लागलं का, आई?”

कोकिळाच्या तोंडात ‘काई नाई झालं’ तयारच होतं. ते तिने रक्तासोबत बाजूला थुंकलं.

“लागलं,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “लय लागलं, बाई.”